सगळी गाणी हिट असलेली सीडी बोर होते आणि एकही ओळखीचं नसलेली संपूच नये वाटतं, असं का?

विश्रामबागवाला, सांगली

मंडळी प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा. माझा आतेभाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, कॉलेजला असताना दर डिसेंबरला गोव्याला पळायचा आणि येताना सगळे काजू आणतात तसा हा सीडी आणायचा. आता आत्याचं जुनं घर पाडायला काढलंय तर माळ्यावर बिस्किटाचा एक खोका निघाला, वर स्केचपेननं 'रद्दी नाही' एवढंच लिहिलेलं. त्याला फोन केला तर म्हणाला तूच घेऊन जा, माझ्याकडं आता प्लेअरच नाही. मोजल्या तर त्रेसष्ठ भरल्या, सगळी हाउस आणि ट्रान्सची (क्लबात वाजतं ते ठोक्याचं संगीत) डीजे कंपायलेशन, आणि माझ्या गाडीत अजून सीडी प्लेअर चालतोय (एसी चालत नाही पण तो विषय नंतर).

रोज सांगली ते पेठ नाका जाऊन येऊन असतंय, रस्ता कसा आहे ते इथल्यांना सांगायला नको, तास कुठं गेला नाही. तर महिनाभर एकेक सीडी लावत गेलो आणि एक गंमत दिसली. एक डबल सीडी आहे, कव्हरवर समुद्र आणि चष्मा घातलेली बाई, आत त्या काळातली झाडून सगळी फेमस गाणी, मला नावानिशी माहीत असलेली. ती वीस मिनिटांत नको वाटायला लागते. आणि साशा अन् जॉन डिगवीड या दोन ब्रिटिश डीजेंची नॉर्दर्न एक्स्पोजर म्हणून १९९६ ची आहे, त्यातलं एक गाणं मला ओळखीचं नाही, कुठं एक संपलं आणि कुठं दुसरं सुरू झालं तेही कळत नाही, पण ती लावली की पेठ नाका आल्यावर गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं बसून राहतो, साहेबांच्या शिव्या खातो पण बसतो.

हे असं का होतंय? गाणी चांगली असली की सीडी चांगली व्हायला पाहिजे की नाही? दुसरं म्हणजे दिवाळीनंतर आम्ही चौघं गोव्याला निघालोय, त्या प्रवासासाठी मला स्वतः एक सीडी बनवायची आहे, ७४ मिनिटांची. काय बघून गाणी निवडू? लय जाणकार भाषेत नको, मला फक्त ऐकता येतं.

बेस भाऊ, तासगाव

डीजे कंपायलेशन वाचून मला वाटलं गणपतीच्या डॉल्बीचा विषय आहे, हलगी मिक्सची यादी घेऊन पळत आलो. चालूद्या, बसतो कोपऱ्यात.

जुनी सुई, सातारा

भावा तू प्रश्नातच उत्तर लिहिलंयस, 'कुठं संपलं कुठं सुरू झालं कळत नाही'. थोडी ओळख देतो, मी पुण्यात पाच-सहा वर्षं रात्री वाजवायचो, आता कोरेगाव रोडला खताचं दुकान आहे, पण रेकॉर्डच्या सुईचा नाद सुटलेला नाही.

बाजारात कंपायलेशन नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात आणि कव्हरवरून त्या ओळखू येत नाहीत. एक म्हणजे नुसती गोळा केलेली. कंपनीनं वर्षभरातली चाललेली गाणी घेतली, एकामागं एक लावली, दोन सीडीत चाळीस कोंबली. आता चाळीस गाणी १५० मिनिटांत बसवायची म्हणजे गाण्याला पावणेचार मिनिटं आली, म्हणून त्यात रेडिओ एडिट असतात. ट्रान्सचं मूळ गाणं सात-आठ मिनिटांचं असतंय, कधी नऊसुद्धा, त्यात पहिलं मिनिट दीड मिनिट नुसता ठोका, मग हळूहळू एकेक वस्तू येणार, मग मधे सगळं थांबून सूर पसरणार ज्याला ब्रेकडाऊन म्हणतात, मग परत ठोका आला की अंगावर काटा. रेडिओ एडिटमधे पुढचं मागचं कापून नुसता काटा ठेवलेला असतो. दर पावणेचार मिनिटाला काटा यायला लागला तर तो काटा राहत नाही, खाज होते. तुझी चष्म्यावाली बाई ती ही.

दुसरी जात म्हणजे एका माणसानं बसून मिक्स केलेली. ७४ मिनिटांत दहा ते तेरा गाणी, सलग. तिथं गाणं हा कच्चा माल असतो आणि सांधा ही खरी कारागिरी. साशा-डिगवीडनी १९९४ ला रेनेसाँ नावाच्या क्लबसाठी तीन सीडींचा मिक्स काढला, मग मिनिस्ट्री ऑफ साउंड या लेबलवर नॉर्दर्न एक्स्पोजर आली, आणि घरी बसून ऐकायचा मिक्स हा प्रकार लोकांनी गंभीरपणे घ्यायला सुरुवात केली ती या लोकांमुळं असं माझं मत आहे. दुसरं कुणी भांडायला येईल, येऊदे.

सांधा म्हणजे नुसता वेग जुळवणं नाही हां, वेग आता मशीन पण जुळवतंय. घर बांधताना वीट विटेवर कशी बसवतात, तसं ओळीवर ओळ बसावी लागते. हे सगळं संगीत चार-चार ठोक्यांच्या बारमधे चालतं आणि गाण्यात बदल साधारण आठ, सोळा, बत्तीस बारनी होतात. १२८ बीपीएमला मिनिटाला १२८ ठोके, भागिले चार, म्हणजे बरोबर बत्तीस बार. म्हणजे त्या वेगाला एक मोठी ओळ बरोबर एका मिनिटाची. चांगला डीजे जाणाऱ्या गाण्याची ओळ जिथं संपते तिथंच येणाऱ्याची सुरू करतो, त्यामुळं जुन्याचा सूर विरला त्याच क्षणाला नव्याचा बास आत येतो आणि तुझ्या डोक्याला वाटतं हे एकच गाणं होतं. चार बार इकडं तिकडं झाले तर ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी बोचतं.

खतवाले आलेत, बाकी रात्री.

प्लेलिस्ट पाटील, कराड

एवढं सगळं कशाला पण? फोनला केबल लाव, प्लेलिस्ट कर, क्रॉसफेड चालू कर, झालं मिक्स. सीडी जाळत बसायचे दिवस गेले राव.

खुंटी पिळणारा, मिरज

क्रॉसफेड म्हणजे एक आवाज कमी करत दुसरा वाढवणं, आणि स्पॉटिफायवर ते जास्तीत जास्त बारा सेकंद. वर दादांनी मिनिटाची ओळ सांगितली, तुझ्या बारा सेकंदात काय बसणार त्यात. शिवाय त्याला ठोक्याचं काही पडलेलं नाही, दोन घोडे वेगळ्या चालीचे एका टांग्याला.

मी सतारमेकर गल्लीतला. घरात तीन पिढ्या तंबोरे-सतारी, मी स्वतः कानाला हेडफोन लावून ट्रान्स ऐकत ऐकत जवारी काढतो, आजोबा असते तर पाट फेकून मारला असता. मला सुराबद्दल बोलायचंय कारण तिथं कोण लक्ष देत नाही. दुकानात दोन तंबोरे शेजारी लावले आणि एक केसभर उतरला असेल तर दोन्ही मिळून ववव असा हेलकावा येतो, नवशिक्या गिऱ्हाइकाला पण कळतं काहीतरी आजारी आहे. दोन गाणी मिनिटभर एकावर एक वाजणार असतील तर तीच गत. आणि ट्रान्समधे तर पोत्यानं सूर असतात, नुसता ठोका नसतो.

आता यातली गोम ऐका. जुन्या टर्नटेबलवर वेग वाढवला की पट्टी पण चढते. साधारण सहा टक्के वाढवलं की अर्धा स्वर चढतो, म्हणजे काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमधे जातं. १३० चं गाणं १३८ ला नेलं की झालं हे. ते एकवेळ परवडलं, निदान पांढरी दोन ही पट्टी पेटीवर आहे तरी. पण तीन टक्के वाढवलं तर गाणं दोन पट्ट्यांच्या मधे लटकतं, पेटीवर ती जागाच नाही, आणि मग ते कुठल्याच दुसऱ्या गाण्याशी जमत नाही. माझ्या मते जुन्या फालतू मिक्स सीडींमधलं निम्मं दुखणं हे आहे, ठोका पक्का आणि सूर तिरळे. आता सॉफ्टवेअरमधे पट्टी न हलवता वेग बदलता येतो म्हणून लोक सुटलेत.

डीजे लोक कॅमेलॉट व्हील वापरतात, घड्याळासारखं चक्र, १ ते १२ आकडे, आतल्या वर्तुळाला ए आणि बाहेरच्याला बी. शेजारच्या आकड्यावर गेलं की जमतं असा नियम. बघितल्यावर मी हसलो, शेजारचा आकडा म्हणजे पंचमावर जाणं, हा आपला षड्जपंचम भावच की, आमच्याकडं मुलगा दहा वर्षांचा झाला की कानात भरवतात. आणि मुळात चांगला मिक्स म्हणजे आपली बैठक असते, आधी आलाप मग विलंबित मग द्रुत.

जुनी सुई, सातारा

पट्टीचं एक नंबर लिहिलंय, मला पाच-सहा वर्षं नाचवणाऱ्या धंद्यात राहून ते लटकणं कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. पण शेवटचं वाक्य मागं घ्या पाव्हणं. प्रत्येक चांगल्या गोष्टीला आपण बैठक म्हणून मोकळे होतो. बैठकीत एक राग, एक कलाकार, तो पुढं काय करायचं ते तिथंच ठरवतो. इथं दहा वेगळ्या लोकांनी दहा वेगळ्या खोल्यांत केलेलं काम आहे, त्यांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही, आणि डीजेला त्यांचं एका घरात नांदवायचंय. मला तर हे गाणाऱ्यापेक्षा लग्न जुळवणाऱ्याचं काम वाटतं. आणि चढत जाऊन शेवटी द्रुत, हेही खरं नाही, चांगल्या सीडी मधेच दोनदा खाली उतरतात.

पाटील, तुमच्याशी भांडण नाही, फोनवरसुद्धा मिक्स ऐकता येतो, पण एक सलग फाइल घ्या. मिक्स सीडीचे तुकडे एमपीथ्री केले की प्रत्येक तुकड्याच्या मागंपुढं बारीक कोरी जागा राहते, चांगला प्लेअर ती गिळतो आणि साधा गिळत नाही, मग दर सहा मिनिटाला उचकी लागल्यासारखं.

घाटातली, सातारा

वाचत होते, आता राहवत नाही. मी पळते, आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट, आणि कानात हेच असतं. त्यामुळं माझा हिशोब क्लबचा नाही, चढाचा आहे, आणि चढ खोटं बोलत नाही. गाणं कुठं कंटाळवाणं आहे ते माझ्या पायाला कानाच्या आधी कळतं.

माझं म्हणणं असं की ट्रान्सच्या कंपायलेशन बिघडतात त्या लागोपाठच्या ब्रेकडाऊननी. प्रत्येक गाण्यात दीड दोन मिनिटं ठोका गायब, बाई आकाशात कुठंतरी गातीय, मग ढोल वाजत वाजत चढवणार, मग धडाम. एक ऐकलं भारी, दुसरं ऐकलं ठीक, तिसऱ्याला मी घाटात चालायला लागते. निवडणाऱ्यानं प्रत्येक गाणं सुटं ऐकून 'हे भारी आहे' म्हणून घेतलेलं असतं, सगळे नवरदेवच, वऱ्हाडी कोणीच नाही. हाउसवाले याबाबतीत शहाणे, त्यांच्यात एकच बारीक तुकडा सहा मिनिटं फिरत राहतो आणि तुम्हाला कळायच्या आत मान हलत असते. म्हणून मला दोन्ही एकत्र असलेल्या सीडी आवडतात, दोन मोठ्या ट्रान्सच्या मधे एक सुकं, बिनगाण्याचं, नुसतं ठोका-बासवालं हाउस टाकलं की पुढच्या ब्रेकडाऊनला परत किंमत येते. साशाची ग्लोबल अंडरग्राउंड मालिकेतली इबिझा, १९९९ ची, ती ऐका तुमच्या खोक्यात असेल तर. आणि टिएस्टो या डीजेची इन सर्च ऑफ सनराइज मालिका, ती पण १९९९ ला सुरू झाली, त्यातल्या सुरुवातीच्या मला चढाला चालतात, नंतरच्यांत गोडवा जास्त झाला, चहात चार चमचे. हे माझं वैयक्तिक.

विश्रामबागवाला, सांगली

ताई इबिझा आहे खोक्यात! काल लावली, तुम्ही म्हणता ते मधलं सुकं गाणं कुठलं ते शोधत होतो आणि सापडेपर्यंत सीडी संपली, म्हणजे बरोबरच आहे तुमचं. त्याच मालिकेतल्या बऱ्याच आहेत, डिगवीडच्या हाँगकाँग आणि लॉस एंजेलिस, पॉल ओकनफोल्ड या डीजेची न्यूयॉर्क, या गावांच्या नावाची काय भानगड आहे? त्या गावात रेकॉर्ड केलेल्या आहेत का?

आणि दुसरं, आतेभाऊ कायम म्हणायचा की गोव्यात ऐकलेलं सीडीवर मिळतच नाही. म्हणजे काय?

जुनी सुई, सातारा

ग्लोबल अंडरग्राउंड ही कंपनी इंग्लंडातल्या न्यूकॅसलची, १९९६ ला सुरुवात, पहिली तेल अवीवची, टोनी डी विटची. कल्पना अशी की डीजेनं त्या गावात वाजवलं आणि त्या रात्रीची आठवण म्हणून सीडी, आत फोटो, लेख. रात्रीचं जसंच्या तसं रेकॉर्डिंग म्हणून ऐकू नकोस, सीडी नंतर स्टुडिओत नीट रचलेली असते, कारण इथं प्रत्येक गाण्याची मालकाकडून परवानगी लागते. क्लबमधे डीजे मनात येईल ते वाजवतो, सीडीवर छापायचं म्हटलं की प्रत्येक लेबलला पत्र, पैसे, वाट बघा. कोण नाही म्हणतं, कोण जास्त मागतं, कुणाचं आधीच दुसऱ्या कंपनीशी ठरलेलं असतं. डीजेच्या डोक्यात असलेल्या यादीतलं बरंच काही इथं गळतं. म्हणून ज्या कंपनीची स्वतःची लेबलं तिला सोपं जातं, आणि म्हणूनच काही कंपायलेशन कंपनीच्या कॅटलॉगसारखी लागतात, एकाच पिठाच्या दहा भाकरी. डीजे आरमिन व्हान ब्युरेनची अ स्टेट ऑफ ट्रान्स, मूळ रेडिओ शो २००१ चा आणि वर्षाची डबल सीडी २००४ पासून, त्यात मला हे कधी कधी जाणवतं, पण त्यांची एक गोष्ट आवडते, एक सीडी समुद्रकिनाऱ्यासाठी आणि एक क्लबसाठी अशी सरळ फाळणी. हाउसचा संथपणा आणि ट्रान्सचा वेग एकाच सीडीत कोंबण्यापेक्षा ते बरं.

साशानं २००४ ला इन्व्हॉल्वर काढली त्यात तर तो त्याच्याही पुढं गेला, दुसऱ्यांची गाणी घेऊन प्रत्येक गाणं स्वतःच नव्यानं बांधलं आणि मग जोडलं. म्हणजे विटा पण स्वतःच्याच भट्टीत भाजल्या. मिक्स सीडी आणि स्वतःचा अल्बम यातली भिंतच पाडली त्यानं.

गोव्याचं आतेभाऊ बरोबर म्हणत होता. हणजुण्याला (अंजुना) तेव्हाचे डीजे रेकॉर्ड कमी आणि डॅट टेप (डिजिटल कॅसेट) जास्त वाजवायचे, उन्हात आणि वाळूत विनाइलचं काय होणार. टेपवर वेग जुळवता येत नाही, म्हणून एक संपवायचं आणि दुसरं सुरू करायचं, आणि गोवा ट्रान्सच्या गाण्यांना सुरुवातीला आणि शेवटाला बिनठोक्याचा लांब भाग असतो तो त्यामुळंच असं जुने लोक सांगतात. ते सगळं आपापसात टेपवर फिरायचं, त्यातलं बरंच दुकानापर्यंत पोचलंच नाही. नंतर ओकनफोल्डनं डिसेंबर १९९४ ला बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा गोवा मिक्स वाजवला, सिनेमाचं पार्श्वसंगीत मधे मधे घालून, तेव्हा ते इंग्लंडच्या घराघरात गेलं. पुढं २००० मधे अबव्ह अँड बियाँड या ट्रान्सच्या ग्रुपवाल्यांनी लेबलचं नावच अंजुनाबीट्स ठेवलं, आपल्या हणजुण्यावरून. आपण तिथं जाऊन फिश थाळी खाऊन येतो.

बेस भाऊ, तासगाव

कोपऱ्यातून उठलो. एक सांगतो, तुम्ही सगळे वरच्या सुरावर बोलताय, खालचं कोण बोलेना. दोन गाणी एकावर एक चालू असताना दोघांचे बेस एकदम उघडे ठेवले की ट्रॉलीवर काय होतं ते मी बघितलंय, आवाज वाढत नाही, गढूळ होतो, गुडगुड नुसती, आणि अँप तापतो ते वेगळं. आम्ही हलगीवर गाणं चढवताना पण येणाऱ्याचा बेस बंद ठेवून आधी टॉप आणि मिड (वरचा आणि मधला आवाज) सोडतो, मग ओळ पलटली की एकाच झटक्यात याचा बेस बंद त्याचा चालू. तुमच्या साशाला ऐकलं काल यूट्यूबला, गडी तेच करतोय, फक्त लोकं नाचताना एवढी शांत कशी राहतात ते कळलं नाही.

गाडीतल्या स्पीकरला तर हे जास्तच लागू, सहा इंची कागदाचा पडदा, दोन बेस कसे सोसायचा. आणि सगळी गाणी एका पातळीला आण. जुनी गाणी बारीक आवाजाची असतात, २००५ च्या पुढची डोकं फोडतात. नाहीतर एक हात स्टिअरिंगला एक व्हॉल्यूमला, आणि पेठच्या रस्त्याला दोन्ही हात स्टिअरिंगला लागतात.

जुनी सुई, सातारा

बेस भाऊ हात जोडले. हे मला पुण्यात एका सिनिअरनं तीन महिने चहा पाजून घेतल्यावर सांगितलं होतं, तुम्ही फुकट सांगितलं.

विश्रामबागवाला, सांगली

पहिला प्रयत्न झाला. लॅपटॉपवर फुकटवालं सॉफ्टवेअर घेतलं, अकरा गाणी निवडली, सुरुवात दणक्यात पाहिजे म्हणून पहिलंच १३८ चं लावलं, खणखणीत, मग दुसरं पियानोवालं, मग एक बाई गाते ते, ते आमच्या सगळ्यांचं आवडतं, मग हळूहळू खाली येत शेवटी १२२ चं हाउस, म्हणजे पोचल्यावर शांत. शनिवारी पप्पांना घेऊन कराडला गेलो तेव्हा लावून बघितलं. तिसऱ्या गाण्याच्या ब्रेकडाऊनला ठोका गेला तसं पप्पा म्हणाले, 'बंद पडलं का रे?' मी म्हटलं नाही येतोय परत. चौथ्यालाही तेच. पाचव्याला ते काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. सहाव्याला मीच बंद केलं आणि भजन लावलं. कुठं चुकलं?

घाटातली, सातारा

पप्पांना इथं आणा, पॅनेलवर घेऊ. त्यांनी एका वाक्यात मी लिहिलेला सगळा परिच्छेद सांगितला.

जुनी सुई, सातारा

पंगतीत पहिल्याच फेरीला जिलबी वाढली की माणसं भात यायच्या आत हात धुवायला उठतात. उलटा कर आख्खा. १२२ नं सुरू कर आणि १३८ ला पोच. अकरा गाणी म्हणजे दहा सांधे, सोळा बीपीएम चढायचेत, एका सांध्याला दीड पावणेदोन, कुणाला कळणार पण नाही. १२२ नंतर थेट १३८ चं आलं तर चालत्या एसटीतून उतरल्यासारखं होतं, म्हणून मधल्या पट्ट्यात १२८ ते १३२ मधली प्रोग्रेसिव्ह गाणी शोध, ती हाउसची पण वाटतात आणि ट्रान्सची पण. नॉर्दर्न एक्स्पोजरवाले तिथंच राहायला आहेत.

आणि सरळ जिना करू नकोस. सहाव्या-सातव्याला वेग तोच ठेवून एक सुकं घाल, ताई म्हणतात तसं. तुझं बाईचं गाणं सगळ्यांचं आवडतं आहे ना, मग ते तिसरं नाही, नववं. लोकांना माहीत असतं ते येणार आहे, वाट बघूदे. एकच ओळखीचं गाणं पुरे एका सीडीला, फार तर दोन, बाकी अनोळखी घे, कारण ओळखीचं गाणं लागलं की माणूस गाण्याच्या शब्दात जातो, मिक्समधून बाहेर येतो. आणि शेवट त्याच्यावर करू नकोस, नंतर दोन गाणी उतरायला ठेव, वेग तोच पण हलकी.

पहिली दोन मिनिटं बिनठोक्याची ठेवली तरी चालेल, गोव्याच्या टेपसारखी, गाडी गल्लीतून बाहेर काढायला तेवढा वेळ लागतोच.

खुंटी पिळणारा, मिरज

पट्ट्या बघितल्यास का? यादी पाठव, मी पेटीवर तपासून देतो. सॉफ्टवेअर सांगतं ते दहात दोनदा चुकतंय असा माझा अनुभव, विशेषतः ज्या गाण्यात नुसता बास आहे आणि सूर नाही तिथं ते आपलं काहीतरी ठोकून देतं.

प्लेलिस्ट पाटील, कराड

मी काल सलग मिक्स फोनवर ऐकला, एका दमात ७४ मिनिटं. माघार घेत नाही, पण प्लेलिस्टमधे ते होत नाही हे मान्य. माझं मन आधी कायम 'पुढचं कुठलं' यात असायचं, बोट स्क्रीनवर, इथं बोटाला कामच नव्हतं.

विश्रामबागवाला, सांगली

उलटा केला, बाईला नववीला पाठवली, मिरजेच्या दादांनी दोन गाणी बाद केली (एक माझं फार लाडकं होतं, पण शेजारच्याबरोबर वाजवून दाखवल्यावर मलाच कळलं, ववव). बेस भाऊंचं ऐकून प्रत्येक सांध्याला बेसची अदलाबदल केली, तिथं सगळ्यात जास्त फरक पडला खरं सांगायचं तर. आता एकच अडचण, सीडी जाळली की प्रत्येक गाण्यानंतर दोन सेकंद शांतता येतेय. संगणकावर नाही, सीडीवरच. पप्पा म्हणायला मोकळे परत.

जुनी सुई, सातारा

तू ट्रॅक अ‍ॅट वन्स मोडमधे जाळतोयस, त्यात मधे दोन सेकंद सोडतात. डिस्क अ‍ॅट वन्स निवड आणि गॅप शून्य कर. आख्खा मिक्स एकच सलग वेव्ह फाइल ठेव आणि गाण्यांच्या खुणा वेगळ्या क्यू शीटमधे (कुठलं गाणं कुठं सुरू ते लिहिलेली छोटी फाइल) दे, म्हणजे पुढंमागं करता येईल पण आवाज तुटणार नाही. जाळायचा वेग कमी ठेव, जुने कारचे प्लेअर नखरे करतात.

विश्रामबागवाला, सांगली

झालं! पण आता कोऱ्या सीडी संपल्या, दोन बाद गेल्या प्रयोगात. हरभट रोड, गणपती पेठ सगळं फिरलो, दुकानदार माझ्याकडं असं बघतात जणू मी फ्लॉपी मागतोय. सांगली-मिरजेत कुणाकडं पडून आहेत का?

बेस भाऊ, तासगाव

पन्नासची थप्पी आहे माझ्याकडं, निम्मी शिल्लक, गणपतीत आरत्या द्यायचो जाळून. रविवारी तासगावला ये, दहा घेऊन जा. येताना भडंग आण आणि एक सीडी मला पण, ट्रॉलीवर लावून बघतो.